काट्याची जागा

माझ्या हातात रिमोट आला की घरातली माणसं एकेक करून उठून जातात. नवरा आधी घसा साफ करतो, मग म्हणतो, "एक काहीतरी ठेव ना बाई." मुलगी उशी उचलते आणि आतल्या खोलीत जाते. मी एकटी उरते आणि माझा अंगठा चालूच असतो. बातम्या, गाणी, स्वयंपाक, प्रवचन, पुन्हा बातम्या. कुठेच थांबवत नाही. पुढच्या चॅनेलवर काहीतरी असेल, तिथे नसलं तर त्याच्या पुढच्यावर असेल, असं वाटत राहतं. बसमध्ये ड्रायव्हरने रेडिओ लावला तर माझे हात शिवशिवतात. लोक याला खोड म्हणतात. खोड आहेच, पण ती कुठून लागली ते मला पक्कं ठाऊक आहे आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात अहेरीला गेले होते. धाकट्या भावाचा निरोप आला होता, अब्बांचं दुकान रिकामं करून तिथे मोबाईलचं टाकतोय, तुला काही हवं असेल तर येऊन घेऊन जा. मला काही नको होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी चंद्रपूरच्या स्टँडवर उभी होते. बस गोंडपिपरीला थांबली, आष्टीला थांबली, आलापल्लीला तर ड्रायव्हर निवांत चहा प्यायला उतरला, आणि मी खिडकीच्या दांडीवर बोटं वाजवत बसले. शेजारच्या बाईने शेवटी विचारलंच, "दवाखान्यात कोनी आहे का?" मी नाही म्हटलं. मग तिला माझी घाई कळेना, आणि मलाही ती सांगता येईना.

दुकान म्हणजे बाजाराच्या वाटेवरची एक खोली. अब्बा तिथे रेडिओ दुरुस्त करत. घरात आमची बोली हिंदीकडे झुकलेली, पण दुकानाची पायरी चढली की अब्बा सगळ्यांशी इथली मराठी बोलत, माझ्याशीसुद्धा. शाळा सुटली की मी दप्तर टेबलाखाली ढकलायची आणि त्यांच्यासमोरच्या स्टुलावर बसायची. तारांना डाग द्यायची सळई तापली की ते ती राळेत बुडवत आणि गोडसर, डोळ्यांत झोंबणारा धूर वर यायचा. तो वास माझ्या फ्रॉकला, पुस्तकांना, डब्यातल्या पोळीलाही लागायचा. वर्गातल्या मुली म्हणायच्या, तू जळलेली येतेस.

पण खरे वास रेडिओंचे होते. मागचं झाकण काढलं की ज्याचं त्याचं घर बाहेर येई. मोहाच्या दिवसांत आलेल्या रेडिओतून मोहाचा आंबूस वास यायचा. तेंदूपत्ता गोळा करायच्या फडीवरून आलेल्या रेडिओत पानांचा चुरा असायचा. चुलीजवळ टांगलेला रेडिओ आतून काळा. एकात झुरळाची अंडी, एकात तांदळाचे दाणे, एकात कुणी जपून ठेवलेला एस.टी.चा पास. अब्बा झाकण उघडून माझ्यापुढे धरत आणि म्हणत, "सांग, कोनाचा?" मी डोळे मिटून वास घ्यायची आणि सांगायची. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. माझ्या त्या वयातल्या सगळ्या हुशाऱ्यांत ही एकच खरी होती.

बाजाराच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. लांबलांबच्या गावांहून माणसं पायी, सायकलवर, ट्रकच्या टपावर यायची आणि टोपलीतून, फडक्यातून, भरतकाम केलेल्या झोळीतून रेडिओ काढून टेबलावर ठेवायची. पत्र्यावर जुने सेल उन्हात वाळत पडलेले असायचे, ऊन खाऊन ते आणखी दोन-चार दिवस चालत. दुरुस्त झालेले सगळे सेट अब्बा एकदम लावून ठेवत, खात्रीसाठी. मराठी, हिंदी, पलीकडची तेलुगू, सगळी एका खोलीत एकदम बोलायची. बाहेरून जाणाऱ्याला भांडण चाललंय असं वाटायचं.

आणि अब्बांचा एक नियम होता. रेडिओ आला की आधी काट्याची जागा नोंदायची. लोक काटा एकाच ठिकाणी लावून ठेवत आणि पुन्हा म्हणून बटनाला हात लावत नसत. कितीदा तरी घरातल्या एकाच माणसाला तो लावता येई, आणि तो माणूस कामाला बाहेरगावी असे. रेडिओ उघडायचा, काटा फिरवून तपासायचा, तर परत देताना तो होता तिथेच यायला हवा. त्यासाठी अब्बा खराट्याची काडी घेत, डायलच्या काचेवर डाव्या कडेला टेकवून काट्यापर्यंत धरत आणि तिथे नखाने तोडत. ती काडी नावाच्या चिठ्ठीसोबत दोऱ्याने रेडिओला बांधायची. परत देताना काडी काचेवर ठेवायची, काटा तिच्या टोकाशी आणायचा, झालं. आकडे वाचता न येणाऱ्यालाही ते दिसायचं आणि पटायचं. सातवीत असताना हे काडी तोडायचं काम माझ्याकडे आलं. मला त्याचा फार तोरा होता.

सायत्राबाई त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर आली. तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातली बाई, गाव आमच्यापासून तीन कोसांवर. अंगाने काटकुळी, हातांवर जाळ्याच्या दोरीचे घट्टे. बाजारात सुकट विकून झाल्यावर टोपलीच्या तळातून तिने फडक्यात गुंडाळलेला रेडिओ काढला. माशाचा वास आला, तो टोपलीचा की रेडिओचा ते सांगता येईना.

"बोलत नाई हा," ती म्हणाली. "चार दिवस झाले, मुका झाला."

अब्बांनी मागे उघडून पाहिलं. सेल फुटून पाणी सुटलं होतं, पत्त्या हिरव्या पडल्या होत्या. "पुढच्या बाजारी घेऊन जा बाई," ते म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. काडी तोडायला रेडिओ माझ्याकडे आला.

मी नवे सेल घालून, पत्त्या घासून पाहिलं. रेडिओ लागला, पण काटा जिथे होता तिथे नुसती खरखर. भर दुपार होती. मी थोडं डावीकडे फिरवलं तर स्वच्छ गाणं. मला वाटलं, टोपलीत आपटून काटा सरकला असेल. बिचारी घरी नेईल, खरखर ऐकेल आणि तीन कोस चालत परत येईल. मी काटा गाण्यावर ठेवला, तिथली काडी तोडली आणि बांधली. चांगलं काम केल्याच्या आनंदात त्या संध्याकाळी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पुढच्या बाजारी ती रेडिओ घेऊन गेली. त्याच्या पुढच्या बाजारी परत आली, सुकट विकायच्याही आधी, आणि फडकं टेबलावर ठेवलं.

"हा माझा नाई, मिस्त्रीभाऊ."

"तुमचाच आहे बाई. चिठ्ठी पाहा, माह्या पोरीचं अक्षर आहे."

"डब्बा माझा आहे. पन हा गाने म्हनून राह्यला. माझा गाने नाई म्हनत. दिवाबत्तीच्या वक्ताले एक घंटी वाजते बारीक, मंग एक बाई बोलते. तेवढंच आयकतो मी."

"काय बोलते ते बाई?"

"मले का समजते? आपली बोली नाई ते. गोंडी नाई, तेलगू नाई. पन रोज बोलते." मग तिने पदराने टेबलाची कड पुसली, स्वच्छच होती ती. "पोरानं लावून देल्लं होतं जातांनी. म्हने, माय, हे हलवू नको. हे कुठीबी आयकू येते. मी जिथी राहीन तिथी ह्याच वक्ताले हेच आयकीन."

तिचा पोरगा कुठे गेला, का गेला, ते अब्बांनी विचारलं नाही. जंगलात बंदुका फिरत होत्या; त्या वर्षांत आमच्याकडे असं कुणी कुणाला विचारत नसे.

अब्बांनी काडी सोडून काचेवर ठेवली. ती बरोबर गाण्याच्या ठिकाणी आली, केसाचाही फरक नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी टेबलाखालच्या दप्तराकडे पाहत होते. "काडी चुकली बाई," ते म्हणाले. "चूक माझी आहे. काढू आपन सोधून." मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी मारलं नाही, रागावलेही नाहीत, फक्त त्याच मेकचा दुसरा एक सेट फळीवरून काढून माझ्यासमोर ठेवला.

मग तो हिवाळा सुरू झाला. तसा अस्वस्थ हिवाळा माझ्या आयुष्यात पुन्हा आला नाही.

अडचण अशी की तिचं ते स्टेशन फक्त दिवेलागणीला लागायचं. दुपारी त्या जागी काहीच नसतं, संध्याकाळी लांबलांबची स्टेशनं उमटतात, हे मला अब्बांनी तेव्हा सांगितलं. आणि बाजाराला आलेली माणसं तर ऊन असताना परत निघायची, तळ्याकाठच्या बायाही घोळक्याने जायच्या. म्हणजे ती दुकानात असताना तिचं स्टेशन नसायचं, आणि स्टेशन असताना ती नसायची. आम्हाला सापडलेले आवाज तिला ऐकवता येत नव्हते आणि तिच्या बाईचा आवाज आम्हाला ओळखता येत नव्हता. तू घरीच थोडं थोडं फिरवून पाहा बाई, असं अब्बांनी सुचवलं. तिने दोन्ही हात मागे घेतले. "नाई. त्यानं हात लावू नको म्हनलं आहे. तुमी लावा, मी नाई लावत."

म्हणून रोज दिवेलागणीला मी त्या दुसऱ्या सेटला कान लावून बसायची. गल्लीत चुली पेटलेल्या, धूर खाली उतरलेला, पलीकडच्या गिरणीची मोटर सुरू झाली की सगळं करकरायचं. जुनी जागा गाण्याच्या उजवीकडे कुठेतरी होती, एवढंच आठवत होतं; तिथून मी काटा केसाकेसाने सरकवायची. किती बाया बोलत होत्या त्या हवेत. एक रागावल्यासारखी, एक आजारी माणसाशी बोलावं तशी, एक मध्येच हसणारी. कुठल्या देशातून, कुठल्या गावातून, काय पत्ता. कुणाच्या आधी घंटी वाजली असं वाटलं की मी काडी तोडायची. दुसऱ्या दिवशी तीच बाई त्या जागी नसायची. शाळेत फळ्यावर बाई काहीतरी लिहीत असायच्या आणि माझं बोट बाकावर डावीकडून उजवीकडे सरकत असायचं.

दर बाजारी ती यायची. आम्ही नव्या काडीवर काटा लावून द्यायचो. पुढच्या बाजारी ती दाराशी दिसली की मी स्टुलावरून उठून उभी राहायची. ती आधी टोपली उतरवायची, पाणी प्यायची, मग मान हलवायची. "नाई बेटा. हे बाई दुसरी आहे." एकदा म्हणाली, "इथी मानूस बोलते." एकदा म्हणाली, "इथी कोनीच नाई, पन तरी बसली मी आयकत." कधी आवाज चढवला नाही तिने. एकेक आठवडा म्हणजे एकेक काडी, आणि तिकडे तिच्या पोराची दिवेलागणी रोज एकट्याची जात होती, निदान मला तसं वाटायचं. मी मनातल्या मनात मोजायची, आज सात दिवस, आज चौदा. धान कापून झालं, मांडवावरचे वाल वाळले, पळस फुलायला लागला. माझ्याकडे दोऱ्यात बांधलेल्या चुकलेल्या काड्यांची जुडी जमली होती.

परीक्षेच्या आदल्या बाजारी ती आली तेव्हा मी पुस्तक उघडं टाकून स्टुलावर बसले होते आणि डोळे पुसत होते. अब्बा सेल आणायला गेले होते. तिने टोपली खाली ठेवली. पाणी मागितलं नाही. माझ्याकडे पाहिलं, मग त्या जुडीकडे पाहिलं.

"काऊन रडून राह्यली व?"

"पेपर आहे," मी म्हटलं.

तिने जुडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "भेटला बेटा. मागच्या बाजारी तू लावून देल्ला ना, तोच आहे."

"खरंच? घंटी वाजते?"

"वाजते तं. मंग ते बाई बोलते. आता कायले खोटं बोलू मी तुह्यासंग." तिने टोपली डोक्यावर घेतली आणि पायरी उतरली. मागे वळून म्हणाली, "आता अभ्यास कर."

मी नाचले. अब्बा आल्यावर त्यांना सांगितलं, त्यांनी नुसतं "अच्छा" म्हटलं. आणि दिवेलागणीला, आनंद पुन्हा एकदा भोगावा म्हणून, मी आमच्या सेटवर त्याच काडीची जागा लावली. खरखर होती. दुसऱ्या दिवशीही खरखर. तिसऱ्या दिवशीही. तिच्या तळ्याकाठी लागत असेल, इथे गिरणी आहे म्हणून लागत नसेल, असं मी स्वतःला समजावलं. अब्बांना विचारलं तर म्हणाले, "ते म्हनते ना भेटला? मंग भेटला." पण तेही माझ्याकडे न पाहता म्हणाले.

त्यानंतर रेडिओ घेऊन ती कधी आली नाही. बाजाराच्या दिवशी दिसायची. वाटेत भेटली तर पळसाच्या पानात मूठभर सुकट बांधून द्यायची, घरी मायले दे म्हणायची. मी घ्यायची आणि पळायची. तिला विचारायचं माझं धाडस कधी झालं नाही. विचारलं असतं आणि तिने पुन्हा हो म्हटलं असतं, तर मी काय करणार होते?

वर्षं भराभर गेली. दुकानात रेडिओ कमी आणि टेपरेकॉर्डर जास्त यायला लागले, मग टीव्ही, मग सीडीची चपटी यंत्रं. त्या कशालाच वास नव्हता. सीडीच्या यंत्राचं झाकण उघडून मी नाक लावलं तर प्लास्टिक. काट्याच्या जागी आकडे आले आणि बटन दाबलं की स्टेशन आपोआप लागायला लागलं, शोधायचं काही उरलंच नाही. खराटा नुसता झाडायला राहिला. मी लग्न होऊन चंद्रपूरला आले. नव्या घरात पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांच्या रेडिओचा काटा हलवला आणि बोलणी खाल्ली. तेव्हापासून हे चालू आहे. माझं काहीतरी कुठेतरी लागायचं राहून गेलंय आणि ते मी चुकीच्या यंत्रांत शोधतेय, हे कळूनही अंगठा थांबत नाही.

तर गेल्या महिन्यात दुकानात गेले. अब्बा आता पायरीवर खुर्ची टाकून बसतात, एका कानाने कमी ऐकतात. भावाने फळ्या काढल्या होत्या, जुने सेट पोत्यात भरले होते. पोती पाहून मी आत-बाहेर करायला लागले. अब्बांनी हाताने बस म्हणून खुणावलं आणि खुर्चीखालून एक फडकं काढलं. उघडायच्या आधीच वास आला. डोळे मिटायची गरजच पडली नाही.

"सायत्राबाईचा," मी म्हटलं.

"गेली ते मागच्या पावसाळ्यात," अब्बा म्हणाले. "तिच्या पुतन्यानं आनून देल्ला. म्हने, मिस्त्रीच्या पोरीले द्या, तिनं सांगून ठेवलं होतं."

"आणि तिचा मुलगा?"

अब्बांनी मान हलवली. त्या मानेतून हो की नाही ते कळलं नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

रेडिओला माझी चिठ्ठी तशीच बांधलेली होती, शाई उडालेली. सोबत माझी ती शेवटची काडी, धुराने काळी पडलेली. आणि बटनावर लाखेचा थेंब. जंगलातली लाख तापवून तिने बटन डब्याला चिकटवून टाकलं होतं, पुन्हा कुणी हलवू नये म्हणून. लाखेवर अंगठा दाबल्याची खूण होती.

मी काडी सोडली आणि काचेवर ठेवली. डाव्या कडेला टेकवली, बोट स्थिर धरलं. काटा काडीच्या टोकाशी नव्हता. चांगला बोटभर पुढे होता.

मी पुन्हा ठेवून पाहिली. पुन्हा तेच.

तिने माझी सुटका करण्यासाठी खोटं सांगितलं होतं, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. आणि मग, ज्या बटनाला हात लावू नको म्हणून पोराने सांगितलं होतं, त्याला तिने हात लावला होता. तळ्याकाठच्या त्या घरात, दिवाबत्तीच्या वेळेला, जाळ्याच्या दोरीने घट्टे पडलेल्या बोटांनी तिने केसाकेसाने काटा सरकवला असेल. किती दिवस, किती वर्षं, मला माहीत नाही. पण माणूस लाख लावतो तो शोध संपल्यावरच. मला तिथे भावासमोर रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

दिवे लागायच्या सुमाराला मी नवे सेल आणून घातले. रेडिओ लागला. अब्बांनी चांगला कान पुढे केला. खरखर होती, मोठी, दाट. आम्ही तिघे ऐकत राहिलो. गिरणी कधीची बंद पडली आहे, मधे काही करकरणारं नव्हतं, तरी घंटी वाजली नाही आणि कुणी बाई बोलली नाही. ते स्टेशनही आता बंद झालं असेल.

"जरासं फिरवून पाय ना," भाऊ म्हणाला. "लाख नखानं निघून जाते."

माझा अंगठा बटनावर होता. तिच्या खुणेत तो नीट बसत होता. मी तो काढून घेतला.

कोपऱ्यात भावाने दुकान झाडायला आणलेला खराटा उभा होता. मी त्यातली एक काडी ओढली, काचेवर डाव्या कडेला टेकवली, काट्यापर्यंत धरली आणि नखाने तोडली. त्या दुपारी तोडायला हवी होती ती काडी चिठ्ठीसोबत बांधली, आणि खरखर चालू ठेवून अब्बांच्या शेजारी पायरीवर बसले.